दोन ओळींचं काम

"अरे, कॅश लाव ना. दोन ओळींचं तर काम आहे!"

सॉफ्टवेअरच्या धंद्यात ज्यांनी चार-दोन वर्षं काढली आहेत त्यांनी हे वाक्य ऐकलेलं असणारच. साइट हळू चालतेय, गिऱ्हाईक कुरकुर करतंय, साहेब मीटिंगमध्ये टेबलावर पेन आपटतायत, आणि कोपऱ्यातून कुणीतरी हे वाक्य सोडतो. सगळ्यांचे चेहरे खुलतात. संध्याकाळपर्यंत त्या दोन ओळी लिहूनही होतात. पान झटकन उघडतं. टाळ्या, चहा, पुढचा विषय.

या वाक्याशी माझं जुनं भांडण आहे आणि ते आज एकदाचं इथे मांडून टाकायचं ठरवलंय. ते मांडताना थोडं तांत्रिक बोलावं लागणार. पण आत्या, मामा आणि बाकीची घरची मंडळी, तुम्ही पान बंद करू नका, कारण या दोन ओळींचे परिणाम माझ्यापेक्षा तुम्हीच जास्त भोगता.

आधी तुमच्यासाठी. इथली कॅश म्हणजे रोकड नव्हे. स्वयंपाकघरात हळदीची मोठी बरणी कोठीच्या खोलीत असते आणि ओट्यापाशी मिसळणाचा डबा असतो. प्रत्येक फोडणीला कोठीत कोण जाणार? म्हणून थोडी हळद, थोडं तिखट हाताशी काढून ठेवायचं. कंप्युटरच्या जगात कोठी म्हणजे डेटाबेस आणि मिसळणाचा डबा म्हणजे कॅश. आमच्याकडे या डब्याची दोन प्रसिद्ध नावं आहेत. एक मेमकॅश्ड, जो ब्रॅड फिट्झपॅट्रिकने २००३ मध्ये लाइव्हजर्नल या ब्लॉगांच्याच साइटसाठी लिहिला (म्हणजे आपल्या जातकुळीतला!), आणि दुसरा रेडिस, जो साल्वातोरे सानफिलिप्पोने २००९ मध्ये आणला. आणि आपला प्रोग्राम नि हा डबा यांच्यामध्ये निरोप नेणारा-आणणारा जो गडी असतो, त्याला म्हणतात क्लायंट लायब्ररी. दोन ओळींचं काम म्हणतात ते या गड्याला कामावर ठेवण्याचं. पहिल्या ओळीत त्याला डब्याचा पत्ता सांगायचा, दुसरीत म्हणायचं, "आण."

उपमा मात्र इथेच संपते. कोठीतली हळद आणि डब्यातली हळद एकच असते. माहितीचं तसं नाही. कोठीतली माहिती घटकेघटकेला बदलते आणि डब्यात पडलेली असते तिची जुनी नक्कल. मग आपण ओट्यापाशी उभे राहून आत्मविश्वासाने कालची गोष्ट आजची म्हणून वाढतो.

म्हणजे खरा प्रश्न वेगाचा नाहीच. प्रश्न आहे, शिळं किती चालेल?

हा प्रश्न आपल्याकडे प्रत्येक घरात रोज सोडवला जातो. रात्रीच्या पोळीची सकाळी फोडणीची पोळी होते आणि ती ताज्यापेक्षा बरी लागते असं म्हणणारेही आहेत (मी त्यातला). रात्रीचे पोहे मात्र सकाळी कुणी खात नाही. भाताचं एक, दुधाचं दुसरं, आणि उन्हाळ्यात उघड्यावर राहिलेल्या आमटीचा तर विचारही नको. कुठल्याही आईने आजवर "स्वयंपाकघरातले सगळे पदार्थ एक तास चालतील" असा नियम केलेला नाही. आम्ही प्रोग्रामर मात्र अगदी हेच करतो. ३६०० असा आकडा लिहितो, म्हणजे सेकंदांत एक तास, आणि घरी जातो.

एक तासच का? कारण लायब्ररीच्या माहितीपत्रकातल्या उदाहरणात तसं होतं. बस्स. याहून खोल कारण मला फार कमी वेळा ऐकायला मिळालंय.

एका जुन्या प्रकल्पाची गोष्ट सांगतो. डॉक्टरांच्या वेळा दाखवणारी आणि नंबर लावून देणारी ती साइट होती. एका डॉक्टरांनी सकाळी आठला दिवसभराची ओपीडी रद्द केली. कोठीत ती नोंद लगेच झाली. पण डॉक्टरांच्या वेळांचं पान तासभर डब्यातून यायचं आणि ते नुकतंच भरलं गेलं होतं. साडेआठला घरून निघण्याआधी एका मुलीने पान उघडून खात्री केली आणि वडिलांना घेऊन सासवडहून एसटीने निघाली. वडिलांचा गुडघा दुखत होता. दवाखान्याला कुलूप. पुढे तिची तक्रार आमच्या यादीत आली तेव्हा तिच्यावर एक शेरा मारून ती बंद करण्यात आली. शेरा असा होता: अपेक्षित वर्तन.

मला आजही त्या दोन शब्दांचा राग येतो. अपेक्षित कुणाला? सासवडच्या त्या मुलीला नक्कीच नाही. दवाखान्याला? त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. डॉक्टरांनी रजा टाकल्यावर ती किती वेळात लोकांना कळली पाहिजे, हा दवाखान्याच्या कारभारातला प्रश्न आहे. त्याचं उत्तर एका प्रोग्रामने भरलेल्या आकड्यात लपलेलं आहे, हे तिथल्या एकाही माणसाला ठाऊक नव्हतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं. क्लायंट लायब्ररी बसवताना भरलेला किंवा न भरलेला प्रत्येक आकडा हा दुसऱ्या कुणाच्या तरी वतीने घेतलेला निर्णय असतो. आणि न भरलेला आकडा म्हणजे न घेतलेला निर्णय नव्हे. तो हजारो मैलांवरच्या, तुमची साइट कधीही न पाहिलेल्या माणसाने घेतलेला निर्णय असतो.

हे हवेत नको, एक खरंखुरं उदाहरण घेऊ. टॉमकॅट हा जावाच्या जगात घरोघरी सापडणारा ॲप्लिकेशन सर्व्हर. त्याला काही न सांगता बसवलं तर तो एका वेळी जास्तीत जास्त २०० थ्रेड चालवतो, म्हणजे २०० गिऱ्हाइकांकडे एकदम बघू शकतो. त्याला रेडिस जोडायचं म्हणून जेडिस नावाची लायब्ररी आणली. तिच्यात जोडण्यांचा एक पूल असतो. ज्याला डब्यापर्यंत जायचंय त्याने त्यातली एक जोडणी घ्यायची, काम झालं की परत ठेवायची. या पुलात जोडण्या किती? तुम्ही काही सांगितलं नाहीत तर ८.

काउंटरवर दोनशे माणसं आणि आत जायला आठ दारं. एरवी हे खपून जातं, कारण रेडिसचं एकेक काम मिलिसेकंदाच्या आत उरकतं आणि दारं भराभर रिकामी होतात. म्हणून तर चाचणीत सगळं छान दिसतं. पण एखाद्या दिवशी रेडिस जरा रेंगाळला, की आठही दारं अडतात आणि उरलेले १९२ रांगेत. त्यांनी किती वेळ थांबायचं? इथे दुसरा न भरलेला आकडा येतो. मूळ मांडणीप्रमाणे, अनंत काळ. दार मोकळं होईपर्यंत उभं राहायचं. मग ज्या पानाला कॅशची गरजच नाही, ते साधं 'संपर्क' पानसुद्धा उघडत नाही, कारण ते उघडून द्यायला थ्रेडच शिल्लक नसतो. डबा जड झाला म्हणून अख्खं स्वयंपाकघर बंद.

आणि हा ८ आला कुठून? कुणी रेडिसचा अभ्यास करून काढला असेल असं वाटतं ना? तसं नाही. पूल सांभाळण्यासाठी जेडिस वापरते ती अपाचेची कॉमन्स पूल नावाची सर्वसाधारण लायब्ररी. कुठल्याही वस्तूचा पूल करायला ती चालते. तिच्यात मुळात ८ आहे. म्हणजे ज्याने तो लिहिला त्याच्या डोळ्यांपुढे ना रेडिस होता, ना टॉमकॅट, ना सासवड.

आता वेळेची मर्यादा, म्हणजे टाइमआउट. जेडिसमध्ये न सांगता मिळतो २००० मिलिसेकंद, दोन सेकंद. ऐकायला बरा वाटतो. पण हिशेब करा. एका पानाला डब्यातून दहा गोष्टी लागतात आणि त्या एकामागून एक मागवल्या जातात. रेडिस उत्तरच देत नसेल, तर प्रत्येकीपाशी दोन सेकंद थांबून मग पुढे. दहा गुणिले दोन, वीस सेकंद. जी वस्तू वेग वाढवण्यासाठी आणली तिनेच पान वीस सेकंद धरून ठेवलं. कॅश नसती तर कदाचित तीन सेकंदांत कोठीतून सगळं आलं असतं. ज्या गोष्टीला एरवी एक मिलिसेकंद लागतो, तिच्यासाठी दोन हजार पट थांबायचं का, हा प्रश्न त्या दोन ओळी लिहिताना कुणाला पडतो?

मेमकॅश्डकडे चला. तिथे गंमत अशी की मेमकॅश्डचे सर्व्हर एकमेकांशी बोलतच नाहीत. चार डबे ठेवले तर चौघांनाही शेजाऱ्याचा पत्ता नसतो. कुठली वस्तू कुठल्या डब्यात, हे ठरवतो तो निरोप्या, म्हणजे क्लायंट लायब्ररी. सगळी अक्कल तिच्याकडे. सोपी रीत म्हणजे वस्तूच्या नावापासून एक संख्या काढायची, तिला डब्यांच्या संख्येने भागायचं आणि जी बाकी उरेल तो डबा. पीएचपीच्या मेमकॅश्ड लायब्ररीची न सांगता मिळणारी रीत हीच. जावाच्या स्पायमेमकॅश्डचीही हीच. आता गर्दी वाढली म्हणून चाराचे पाच डबे केलेत. भाजक बदलला, बाकी बदलली, आणि सुमारे ८० टक्के वस्तू भलत्याच डब्यात शोधल्या जाऊ लागल्या. वस्तू जागेवर आहेत, पण निरोप्या दुसऱ्याच दारात उभा. म्हणजे ज्या दिवशी गर्दी सर्वांत जास्त, त्याच दिवशी तुमची चार-पंचमांश कॅश रिकामी असल्यासारखी, आणि सगळा लोंढा कोठीवर.

यावर उपाय आहे. लास्ट.एफएमच्या लोकांनी २००७ मध्ये केटामा या नावाने तो सर्वांसाठी खुला केला. त्या रीतीत पाचवा डबा आला तर साधारण पाचवा हिस्साच हलतो. वरच्या दोन्ही लायब्ऱ्यांमध्ये ती सोय आहे. फक्त ती मागावी लागते. आणि मागण्यासाठी ती आहे हे माहीत असावं लागतं, आणि ते माहीत होण्यासाठी 'दोन ओळींचं काम' हे वाक्य डोक्यातून जावं लागतं.

आणखी एक मासला, कारण तो मला फार आवडतो. मेमकॅश्डला 'ही वस्तू इतके सेकंद ठेव' असं सांगता येतं. पण तो आकडा ३० दिवसांपेक्षा, म्हणजे २५,९२,००० सेकंदांपेक्षा मोठा दिला, की त्याचा अर्थच बदलतो. मग तो 'इतके सेकंद' राहत नाही, १ जानेवारी १९७० पासून मोजलेली तारीख होतो. 'चाळीस दिवस ठेव' म्हणून ३४,५६,००० लिहिलंत, तर मेमकॅश्ड समजतो, १९७० च्या फेब्रुवारीपर्यंत ठेव. ती तर केव्हाच उलटली! वस्तू आत जाताक्षणी मुदतबाह्य. चूक दाखवणारा संदेश नाही, काही नाही. हे सगळं माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं आहे. पण दोन ओळींच्या कामासाठी माहितीपत्रक कोण वाचतो?

आता कुणी म्हणेल, ठीक आहे रे बाबा, पान हळू उघडलं, कुणाची फेरी फुकट गेली, जगबुडी तर नाही झाली. तर ही दोन प्रसंगांची हकीगत. दोन्ही त्या त्या कंपन्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितलेली.

पहिला, २३ सप्टेंबर २०१० चा. त्या दिवशी फेसबुक सुमारे अडीच तास बंद होतं. त्यांच्याकडे कॅशमधल्या मांडणीच्या नोंदी तपासणारी एक व्यवस्था होती. नोंद चुकीची दिसली, की कोठीतून ताजी आणायची. एके दिवशी कोठीतलीच नोंद अशी बदलली गेली की तपासणीला ती चुकीची वाटली. झालं. प्रत्येक क्लायंटला चूक दिसली, प्रत्येक क्लायंट ताजी नोंद आणायला कोठीवर धावला, आणि डेटाबेसवर सेकंदाला लाखो मागण्या जाऊन तो कोलमडला. खरी मेख पुढेच आहे. डेटाबेसने 'आत्ता जमत नाही' म्हटलं, की क्लायंट त्याचा अर्थ 'नोंद चुकीची' असा घ्यायचा आणि डब्यातली नोंदसुद्धा पुसून टाकायचा. म्हणजे आणखी मागण्या. मूळ चूक दुरुस्त झाली तरी चक्र थांबेना. शेवटी डेटाबेसकडे जाणारी सगळी वाहतूक तोडावी लागली, म्हणजे साइटच बंद करावी लागली. क्लायंटने 'नाही मिळालं' आणि 'चुकीचं मिळालं' यांत फरक करायचा की नाही, एवढ्या एका प्रश्नावर हे सगळं उभं होतं.

दुसरा प्रसंग अजून जवळचा, २० मार्च २०२३ चा. चॅटजीपीटी वापरणाऱ्या काही जणांना आपल्या पानाच्या कडेला दुसऱ्याच कुणाच्या संभाषणांची शीर्षकं दिसू लागली. ओपनएआयने नंतर खुलासा केला. दर वेळी डेटाबेसकडे जावं लागू नये म्हणून ते वापरणाऱ्यांची माहिती रेडिसमध्ये ठेवत होते आणि पायथनच्या रेडिस-पाय या क्लायंट लायब्ररीत एक दोष होता. एखादी मागणी निघाली आणि उत्तर यायच्या आत ती रद्द झाली, तर ते उत्तर जोडणीतच पडून राहायचं. तीच जोडणी पुढच्या माणसाच्या हाती गेली की त्याला आधीच्याचं उत्तर. बहुतेक वेळा यातून नुसतीच एरर यायची. पण दोन्ही मागण्या एकाच प्रकारच्या असल्या तर उत्तर खरं वाटायचं आणि खपून जायचं. त्या दिवशी सर्व्हरमध्ये केलेल्या एका बदलामुळे मागण्या रद्द होण्याचं प्रमाण एकदम वाढलं आणि दोष उघड्यावर आला. नऊ तासांच्या एका अवधीत जे पैसे भरणारे सदस्य साइटवर होते, त्यांतल्या १.२ टक्के लोकांचं नाव, ईमेल, बिलाचा पत्ता, कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि कार्डाची मुदत दुसऱ्याला दिसली असण्याची शक्यता त्यांनी मान्य केली.

टपाल्याने शेजारच्याचं पाकीट तुमच्या हातात द्यावं आणि तुम्ही ते आपलंच समजून उघडावं, असा प्रकार. डेटाबेस शाबूत, रेडिस शाबूत, गडबड केली मधल्या निरोप्याने. आणि मधला निरोप्या, आपल्या समजुतीप्रमाणे, दोन ओळींचं काम.

इथे विरुद्ध बाजूचंही ऐकायला हवं, नाहीतर मी एकटाच तलवार फिरवतोय असं होईल.

पहिला आक्षेप असा की कॅशशिवाय मोठी साइट चालूच शकत नाही. शंभर टक्के मान्य. माझं भांडण डब्याशी नाहीच. फेसबुकच्या लोकांनी २०१३ मध्ये मेमकॅश्ड कसं वापरतात यावर एक निबंध प्रसिद्ध केला, तो या विषयातला वाचण्यासारखा दस्तऐवज आहे. डब्यात वस्तू नसली तर सगळ्यांनी एकदम कोठीकडे पळू नये म्हणून त्यांनी एक युक्ती केली. एकालाच 'तू जा' असा परवाना द्यायचा आणि बाकीच्यांना क्षणभर थांबवायचं. जिथे अशी झुंबड उडते त्या वस्तूंसाठी डेटाबेसवरच्या मागण्या सेकंदाला १७,००० वरून १,३०० वर आल्या. याला म्हणतात कॅश लावणं. पण हे करण्यासाठी त्यांनी सर्व्हर आणि क्लायंट दोन्हीकडे हात घातला. निरोप्याला काय शिकवायचं याचा विचार केला. ते दोन ओळींत झालं नाही.

दुसरा आक्षेप असा की मूळ आकडे हुशार माणसांनीच ठेवलेले असतात, आपण कोण शहाणे? हुशार असतातच. पण त्यांना तुमचं घर माहीत नाही. शिवाय तेही आपले आकडे बदलतात. मेमकॅश्ड पूर्वी न सांगता यूडीपीवरही ऐकत बसायचा. इंटरनेटवर उघडे पडलेले असे सर्व्हर वापरून २८ फेब्रुवारी २०१८ ला गिटहबवर सेकंदाला १.३५ टेराबिटचा मारा झाला. अशा हल्ल्यांमुळेच यूडीपी मुळातच बंद ठेवायला सुरुवात झाली. मूळ मांडणी म्हणजे वेदवाक्य असती तर ती हल्ल्यांमुळे बदलावी लागली नसती.

तिसरा आक्षेप सगळ्यात प्रामाणिक. वेळ नाही, शुक्रवारी साइट चालू करायचीय. यावर माझं उत्तर थोडं तिखट आहे. वेळ नाही म्हणून कॅश लावताय, की साइट का हळू आहे हे शोधायला वेळ नाही म्हणून? कारण निम्म्या वेळा खरं दुखणं असतं डेटाबेसच्या एखाद्या तक्त्यावर न लावलेली अनुक्रमणिका, नाहीतर एकाच पानासाठी तीनशे वेळा विचारलेला तोच प्रश्न. ते तसंच राहतं आणि वर कॅशचं पांघरूण पडतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मग एखाद्या रात्री रेडिस पुन्हा चालू करावा लागतो, डबा रिकामा होतो आणि पांघरुणाखालचं दुखणं दुप्पट होऊन उठतं.

नुसती टीका करून थांबणं मला आवडत नाही. म्हणून निरोप्याला कामावर ठेवण्याआधी ज्यांची उत्तरं कागदावर हवीत ते प्रश्न सांगतो. एक, ही माहिती किती वेळ शिळी चालेल, आणि हे कोण ठरवणार? उत्तर प्रोग्रामरने देऊ नये. ज्याच्या कामाची ती माहिती आहे त्याने द्यावं, आणि प्रत्येक पदार्थाचं वेगळं द्यावं. दोन, कोठीत बदल झाला की डब्यातली नक्कल कोण पुसणार? तीन, डबा गेला तर काय? किती मिलिसेकंद थांबायचं आणि मग कोठीकडे एका वेळी कितीजणांना सोडायचं? चार, दारं किती, आणि दाराशी किती वेळ उभं राहायचं? पाच, डब्यातल्या वस्तूवर नाव कुणाचं आहे? 'खातेदाराचा पत्ता' असं नाव पुरेसं नाही, कुठल्या खातेदाराचा ते त्या नावातच हवं. आणि पान मराठीत नि इंग्रजीत दोन्हीकडे असेल तर भाषाही नावात हवी, नाहीतर पहिल्या माणसाने इंग्रजीत उघडलं की पुढच्या सगळ्यांना इंग्रजीच. सहा, सगळ्या वस्तूंची मुदत एकाच क्षणी संपणार नाही ना?

सहा प्रश्न. अर्ध्या दिवसाची बैठक. त्यानंतर खुशाल दोन ओळी लिहा, माझी ना नाही.

आणि घरच्या मंडळींसाठीही एक मागणी आहे, ती तुम्ही करायची. पानावर वेळ मागा. तारीख नव्हे, 'ही माहिती सकाळी ८ वाजून १० मिनिटांची आहे' असं स्पष्ट. दूधपिशवीवर तारीख असते, औषधाच्या पट्टीवर असते. मग डॉक्टर आहेत की नाहीत हे सांगणाऱ्या पानावर का नको? शिळं वाढायला माझी हरकत नाही, शिळं म्हणून सांगून वाढा. ज्याला चालेल तो खाईल. ज्याला वडिलांना घेऊन एसटीने यायचंय तो निघण्याआधी एक फोन करील.

हे लिहिताना मला माहीत आहे की आमच्या धंद्यातले काही मित्र हसतील. एवढ्याशा आकड्यांवर एवढं मोठं पुराण! पण आकडे लहान आहेत म्हणूनच तर ते निसटतात. मोठ्या निर्णयांवर सगळे सह्या करतात, ३६०० वर कुणाचीच सही नसते.

असो. बरंच लांबलं. पुढच्या मीटिंगमध्ये कुणी 'दोन ओळींचं काम' म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालू नका. शांतपणे विचारा, "दुसऱ्या ओळीतला तो आकडा कुठून आणलास?" आणि उत्तर येईपर्यंत चहा मागवू नका.